एक्सेल आधी, कशासाठी ते मागाहून

चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत माझ्या वयाच्या ज्या-त्या इंजिनियरकडे हल्ली बिझनेस प्लॅन असतो. पाच वर्षांचा महसूल एक्सेलमध्ये खाली ओढून भरलेला. ‘पण हे कोणासाठी?’ विचारलं की उत्तर येतं, ते पुढं ठरेल. म्हणजे कोड आधी, रिक्वायरमेंट मागाहून! सॉफ्टवेअरवाल्यांनी तरी असं बोलू नये.

याच शहरात नागसेनवन आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, ती उच्च शिक्षण ज्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं त्यांच्यासाठी. १९५० मध्ये तिचं कॉलेज इथं आलं. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटून दोनच वर्षं झालेली. फीच्या हिशेबावर गाव निवडायचं असतं, तर हे पहिल्याच ओळीत बाद झालं असतं. कोणासाठी हे पक्कं होतं, म्हणून गाव ठरलं. नावही ठरलं, नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं.

‘ती सेवाभावी संस्था, आमचा धंदा’ हा युक्तिवाद मला पटत नाही. जमीन, इमारत, पगार. पैसा त्यांनाही लागलाच. आमच्या शीटमध्ये मात्र ‘काय करणार नाही’ हा रकानाच नसतो. गुंतवणूकदार शेती म्हणाला की शेतीचं ॲप, क्रिप्टो म्हणाला की क्रिप्टो.