इंधनबचत : उपदेश आणि व्यवहार

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचे अस्त्र उपसले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. या धक्क्याने अमेरिकेसारख्या संपन्न राष्ट्रालाही १९७४ साली महामार्गांवर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा घालावी लागली. भारतात १९७८ साली पेट्रोलियम संवर्धनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि वाहनचालकांना काटकसरीचा उपदेश सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आजही परदेशांतून येते. उपदेशाची निकड अशी कायम असताना त्याचा परिणाम मात्र बेताचाच का दिसावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

उपदेशात खोट नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला तो सुमारे पावणेदोन पट सोसावा लागतो. ब्रेक दाबला, की इंधन जाळून मिळविलेली गती उष्णतेच्या रूपाने वाया जाते; म्हणून पुढचा रस्ता पाहून, संथपणे वेग कमी-अधिक करणारा चालक हाच खरा काटकसरी. टायरमध्ये हवा कमी असेल, तर इंजिनाची शक्ती टायर चेपण्यातच खर्ची पडते. ही पथ्ये स्कूटरवरून शाळेत वा कचेरीत जाणाऱ्यालाही लागू आहेत आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही.

परंतु काटकसरीच्या काही जुन्या समजुती आज निरुपयोगी, किंबहुना घातक ठरल्या आहेत. कार्ब्युरेटरच्या काळात उतारावर गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडल्याने तेल वाचते, असे मानले जाई. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला, की इंधनाचा पुरवठाच बंद होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. शिवाय इंजिनाचा अवरोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो आणि ते तापून निकामी होतात. बोरघाटासारख्या उतारावर भरलेला ट्रक असा सोडणे म्हणजे वाटसरूंच्या जिवाशी खेळ होय.

ट्रकचालक हा धोका का पत्करतो? येथेच प्रश्नाचे मर्म आहे. देशात डिझेलचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे आणि त्याचा मोठा भाग मालमोटारी व बसगाड्या यांत जळतो. ही वाहने चालविणारा बहुधा त्यांचा मालक नसतो. कोठे त्याला खेपेमागे ठरावीक डिझेल मिळते. तेव्हा वाचेल ते आपले, या हिशेबाने तो उतारावर जीव धोक्यात घालतो. कोठे डिझेल मालकाचे असते; तेव्हा काटकसर करण्यात त्याला स्वारस्य उरत नाही. पहिल्या ठिकाणी प्रलोभन आहे, पण ज्ञान नाही. दुसऱ्या ठिकाणी ज्ञान दिले, तरी प्रेरणा नाही.

राज्य परिवहन उपक्रमांचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. एस. टी.च्या आगारांत दहा लिटर डिझेलमागे गाडी किती किलोमीटर धावली, याचा हिशेब ठेवला जातो. जेथे मोजमाप आहे, तेथे सदोष गाडी व सदोष सवय दोन्ही उघडकीस येतात. परंतु मोजमापाचा उपयोग केवळ चालकाला जाब विचारण्यासाठी झाला, आणि गाडीची दुरुस्ती मात्र सुट्या भागांअभावी रखडली, तर तो अन्याय ठरेल. खड्ड्यांचे रस्ते आणि पावलोपावली ब्रेक लावायला लावणारी वाहतूक यांचा दोषही त्याच्या माथी मारता येणार नाही.

तेव्हा उपदेशाला व्यवहाराची जोड हवी. चालकांना आधुनिक इंजिनाचे शिक्षण, गाड्यांची वेळच्या वेळी देखभाल आणि सुरक्षितपणे वाचविलेल्या डिझेलच्या किमतीत चालकाचा न्याय्य वाटा, या तीन गोष्टी एकत्र आल्या, तरच बचत टिकेल. परकीय चलनाची चिंता दिल्लीत वाहिली जाते. पण ते वाचते वा उधळले जाते, ते चालकाच्या पायाखाली. त्या पायाला शहाणपण द्यायचे, तर त्या माणसाच्या पदरातही काही पडले पाहिजे.