टायगर वुड्सला शिकवायचं कोणी?

गोल्फवरची पोस्ट दिसली की काही जण अंगठा वर सरकवतील, माहीत आहे. आपल्याकडे गोल्फ म्हणजे चॅनल बदलताना मध्येच लागणारं हिरवं कुरण. तरी पाच मिनिटं द्या. कारण प्रश्न गोल्फमधला असला तरी ज्यांच्या घरातलं पोर रोज मैदानावर जातं, त्या सगळ्यांना तो कधी ना कधी पडतो. अव्वल खेळाडूने कमी अनुभवाच्या, फारसं नाव नसलेल्या कोचकडे जावं का? फायदा होतो का?

माझं मत आधीच सांगून टाकतो: होतो, चांगलाच होतो. मात्र त्या कोचला पुरेसा वेळ मिळायला हवा आणि खेळाडूच्या तोंडावर ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी. या दोन गोष्टी नसतील तर तीस वर्षांचा अनुभवही फुकट.

गोल्फमध्ये चेंडू जागेवर स्थिर असतो. समोर बॉलर नाही, प्रतिस्पर्धी अंगावर येत नाही. खेळाडू क्लब मागे नेतो, खाली आणतो आणि फटका मारतो. या सगळ्या हालचालीला म्हणतात स्विंग. दीड-दोन सेकंदांचा खेळ. क्लब आणि चेंडूचा संबंध येतो तो सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरता. एवढ्यात काय बिघडलं ते खेळाडूला स्वतःला दिसत नाही. म्हणून जगात पहिल्या नंबरावर असलेल्या माणसालाही स्विंग कोच लागतो.

आता निक फाल्डोची गोष्ट ऐका. इंग्लंडचा हा खेळाडू १९८३ साली युरोपच्या कमाईच्या यादीत पहिला होता. म्हणजे चांगलं चाललेलं. पण मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी दडपण आलं की आपला स्विंग दगा देतो, हे त्याला कळलं होतं. १९८५ मध्ये तो गेला डेव्हिड लेडबेटरकडे. लेडबेटर तेव्हा तिशीतला, झिम्बाब्वेत वाढलेला. खेळाडू म्हणून थोडे हातपाय मारलेले, जमलं नव्हतं. नंतर जगभर पसरलेलं नाव तेव्हा व्हायचं होतं. फाल्डोने त्याला स्विंग मुळापासून मोडून नवा बांधायला सांगितला. जवळपास तीन वर्षं त्याला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. लोक म्हणत होते, याचं डोकं फिरलंय. १९८७ च्या मे महिन्यात तो स्पेनमध्ये जिंकला आणि जुलैमध्ये म्युरफिल्डला ब्रिटिश ओपन. शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा होलवर पार, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांत चेंडू आत. एक कमी नाही, एक जास्त नाही. पुढे एकूण सहा मेजर त्याच्या नावावर लागल्या.

एखाद्या बड्या कोचने एवढं धाडस केलं असतं? मला शंका आहे. बड्या माणसाला सांभाळायला नाव असतं, आणि वीस-पंचवीस शिष्यही असतात.

दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. अनुभव माणसाला कधीकधी चुकीचंही शिकवतो, आणि मग ते सुटता सुटत नाही. कित्येक दशकं गोल्फचे कोच सांगत आले की क्लब ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला चेंडू निघतो, आणि नंतर क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे वळतो. पुस्तकांतही हेच. मग डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीचं रडार मैदानावर आलं. त्याने मोजून दाखवलं की चेंडूची सुरुवातीची दिशा बहुतांशी क्लबचं तोंडच ठरवतं. म्हणजे वर्षानुवर्षं चेंडू उजवीकडे गेला की खेळाडूचा हात सुधारत बसले, आणि गडबड होती भलतीकडेच! जुन्या कोचांपैकी काहींनी हे लगेच मान्य केलं, काही नाक मुरडत बसले. रडारवरच शिकलेल्या पोरांकडे मात्र विसरण्यासारखं काही नव्हतंच. तिथे त्यांचा कमी अनुभव ही जमेची बाजू ठरली.

पण थांबा. एवढं वाचून नवीन कोच म्हणजे चांगलाच, असं कोणी ठरवू नका. टायगर वुड्सचंच बघा. बुच हार्मन हा जुन्या घराण्यातला कोच, त्याचे वडील १९४८ चे मास्टर्स विजेते. त्याच्याबरोबरच्या काळात टायगरने आठ मेजर जिंकल्या. नंतर हँक हेनीबरोबर सहा. २०१० मध्ये त्याने तिशीतल्या शॉन फोलीला धरलं. स्पर्धा जिंकल्या, मेजर एकही नाही. २०१४ च्या शेवटी ख्रिस कोमो आला, बायोमेकॅनिक्स शिकलेला माणूस. २०१५ मध्ये फिनिक्सला टायगरने ८२ फटक्यांचा राउंड खेळला आणि काही महिन्यांनी मेमोरियल स्पर्धेत ८५ चा. जिल्हा पातळीवरच्या पोरालाही लाज वाटावी असे आकडे. आता, त्याच्या पाठीची ऑपरेशन्स चालू होती, त्यामुळे सगळं खापर कोमोवर फोडणं अन्याय आहे. २०१९ ला मास्टर्स जिंकून तो परतला तेव्हा त्याच्याकडे स्विंग कोच नव्हताच.

आणि हेच दोन कोच दुसऱ्यांकडे काय करून गेले? फोलीचा शिष्य जस्टिन रोझ २०१३ मध्ये यूएस ओपन जिंकला. कोमोबरोबर काम करणारा ब्रायसन डीशॅम्बो २०२० ची यूएस ओपन सहा फटक्यांच्या फरकाने घेऊन गेला. कोच तेच, अनुभव साधारण तेवढाच, निकाल वेगळे. त्यामुळे अमक्याला किती वर्षं झाली हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जोडी जमते का, हे आधी बघावं.

नवख्या कोचचा खरा धोका वेगळाच आहे आणि तो फार कोणी बोलत नाही. गोल्फमध्ये कोचला पैसे खेळाडू देतो. म्हणजे शिष्य मालक आणि गुरू नोकर. हार्मनसारख्याला एक शिष्य गेला तर दुसरा दारात उभा. नवख्याचं तसं नाही. मोठा खेळाडू हाच त्याचा बोर्ड, तीच त्याची जाहिरात. मग तो एकतर होला हो करतो, नाहीतर आपण काहीतरी केलंय हे दिसावं म्हणून नसलेला बिघाड काढून दुरुस्त करायला बसतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. शिवाय शेवटच्या होलवर हात थरथरतात तेव्हा काय सांगायचं, हे रडारच्या स्क्रीनवर येत नाही. तिथे पावसाळे पाहिलेला माणूसच लागतो.

आता आपल्याकडे येऊ. आचरेकर सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. शिवाजी पार्कात त्यांनी काय उभं केलं ते सांगायला नको. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बन लाहिरीच्या हातात पहिल्यांदा गोल्फचा क्लब दिला तो त्याच्या वडिलांनी, आणि वडील सैन्यातले डॉक्टर, हौशी खेळाडू. तोच मुलगा २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला.

हे माहीत असूनही पोरगं जिल्ह्यात चमकलं की आपण पहिला सल्ला काय देतो? ‘इथल्या सरांच्यात आता दम नाही, मोठ्या अकादमीत टाका.’ कर्ज काढून टाकतातही. तिथे मोठं नाव गेटवरच्या बोर्डावर असतं आणि शिकवायला असतो त्या नावाचा तिसरा असिस्टंट. नवीन ठिकाणी जायचं तर जरूर जा, पण तो माणूस आठवड्यातून किती तास स्वतः तुमच्या पोरासमोर उभा राहणार, एवढं फी भरण्याआधी विचारा. आणि इथले सर तरुण आहेत, नवे आहेत म्हणून सोडत असाल, तर गेल्या सहा महिन्यांत पोराची वेळ किंवा गुण किती सुधारले ते वहीत लिहिलेलं आहे का, तेवढं आधी बघून घ्या.

रोरी मॅकलरॉयचा लहानपणापासूनचा कोच मायकल बॅनन हा नॉर्दर्न आयर्लंडमधल्या त्याच्याच गावच्या, हॉलीवूडच्या क्लबातला. २०२१ मध्ये रोरी काही महिने पीट कोवेनकडे गेला, ज्याच्या शिष्यांच्या कपाटात मेजरच्या ट्रॉफ्या आहेत. वर्ष संपायच्या आत तो परत बॅननकडे आला. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने मास्टर्स जिंकून चारही मेजर पूर्ण केल्या.

तुमच्या ओळखीत असे गावातले सर असतील, ज्यांच्या हातून पोरं घडली आणि श्रेय शहरातल्या अकादमीला गेलं, तर कमेंटमध्ये लिहा. नाव त्यांना विचारूनच टाका.