‘तातडीची नाही’ म्हणजे किती दिवस?

भाषा शिकवणाऱ्या माणसाला एखाद्या शब्दाचा राग येऊ शकतो. मला ‘नियोजित शस्त्रक्रिया’ या शब्दाचा आला आहे. 20 मार्च 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरातल्या रुग्णालयांना कळवले, की अत्यावश्यक नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकला. डॉक्टरांच्या भाषेत नियोजित म्हणजे आज रात्रीच करायला नको, तारीख ठरवून करता येईल अशी. खालच्या टेबलापर्यंत येता येता त्याचा अर्थ झाला, नाही केली तरी चालेल अशी. हृदयाची झडप बदलणे बहुतेक वेळा नियोजितच असते. महाधमनीची झडप अरुंद होऊन चक्कर, धाप, छातीत दुखणे सुरू झाले, की शस्त्रक्रियेविना साधारण निम्मे रुग्ण दोनेक वर्षांत जातात. त्यांनाही तारीखच मिळते.

ढकलणे चूक होते, असे मी म्हणत नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेला जी अतिदक्षता विभागातली खाट, जो व्हेंटिलेटर आणि जे भूलतज्ज्ञ लागतात, तेच कोरोनाला लागत होते. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्यांपैकी जवळजवळ 24 टक्के रुग्ण महिनाभरात दगावल्याचे दिसले. म्हणजे घाईही जिवावर बेतली असती. माझे भांडण ढकलून विसरून जाण्याशी आहे.

लंडनने तेव्हाच शहरातल्या तातडीच्या हृदयशस्त्रक्रिया सेंट बार्थोलोम्यूज आणि हेअरफिल्ड या दोन रुग्णालयांत एकवटल्या आणि कोणाचा नंबर आधी हे एका जागी ठरवले. तेव्हाच्या औरंगाबादेत घाटीच्या आवारात सुपर स्पेशालिटी इमारत उभी होती. ती कोविड रुग्णालय झाली. गरजच होती, आमच्या मोहल्ल्यातले कितीतरी लोक तिथून बरे होऊन घरी आले. पण ती इमारत ज्या आजारांसाठी बांधली, त्यांच्या रुग्णांनी आता कुठे जायचे, याचा कागद त्याच दिवशी दारावर लागायला हवा होता. मुंबईला जायचे? रेल्वे बंद, जिल्ह्याच्या हद्दीवर ई-पास. मे महिन्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली झाली. छान झाले. योजना मिळाली, तारीख मिळाली नाही.

माझ्या वर्गात तेव्हा नववीत एक मुलगी होती. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, आणि त्यातच हृदयाची झडप खराब झाली. हा ऱ्हुमॅटिक ताप दाटीच्या, गरीब वस्तीतच जास्त सापडतो. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला ती अर्धी सुट्टी मागायची. एका रुग्णालयाने तिला 30 मार्चची तारीख दिली होती. ती रद्द झाली. ‘आम्ही फोन करू,’ असे सांगितले. वडील हातगाडीवर फळे विकायचे. गाडी बंद पडली, तसा रिचार्जही बंद पडला.

15 सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची मोहीम निघाली आणि माझी त्यावर ड्यूटी लागली. मी तिच्याही घरी गेले. कपाळासमोर थर्मल गन धरली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, ‘हृदयविकार’ समोर खूण केली. तिची आई म्हणाली, “मॅडम, दवाखाने से फोन नै आया अब तक.” माझ्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. अजून बरीच घरे बाकी होती. मी पुढच्या घरी गेले.

म्हणजे सरकारच्या हातात हृदयरुग्णांची घरोघरची यादी होती! या लोकांना कोरोना झाला तर धोका जास्त, एवढ्यासाठी ती केली. कोरोना न होताही यांच्यातले कोण मरू शकते, हे विचारायला एक जास्तीचा प्रश्न पुरला असता : तुमची शस्त्रक्रिया थांबली आहे का?

ती जानेवारी 2021 मध्ये गेली. मय्यतीला आलेल्या बायका म्हणाल्या, अल्लाह की मर्जी. उंट आधी बांधायचा ही हदीस आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे, तरी व्यवस्थेने सोडलेला उंट आपण तकदीरच्या नावावर का लिहितो? आपल्या या सब्राचा फायदा कोणाला होतो, तेही बघा.

इतक्या मोठ्या आपत्तीत असल्या याद्या कोण ठेवणार, असे मला एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारले. शाळांनी ठेवल्या ना! शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ आम्ही पटावरच्या नावाने वाटली, सह्या घेतल्या, हिशेब दिला. तांदळाचा हिशेब लागतो, तर झडपेचा का लागू नये? यादी तारखेवर न लावता आजाराच्या धोक्यावर लावायची. दर पंधरा दिवसांनी फोन करून धाप वाढली का, पाय सुजले का, विचारायचे आणि वाढली असेल तर नाव वर घ्यायचे. फोन लागला नाही तर आशाताईला घरी पाठवायचे. याला व्हेंटिलेटर लागत नाही.

आता आरोग्य तपासणीचे पथक शाळेत पुन्हा येते. ज्या मुलांच्या हृदयात दोष निघतो, त्यांची नावे मी वेगळ्या वहीत लिहिते. आईचा एक नंबर, शेजाऱ्यांचा एक. महिन्यातून एकदा फोन करते. हे माझे काम नाही. ज्याचे आहे त्याने येऊन वही घेऊन जावी.