रेशो बदलून चिखल सुटत नाही



ऊस विकास खात्याने बेणे, लागण, खत आणि पाणी यांविषयी बोलावे. गाडीच्या ॲक्सलमध्ये कशाला डोके घालावे, असे काहींना वाटेल. पण उसाचा एफआरपी हा कारखान्याच्या गेटवरचा दर असतो आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच वजा होऊन आपल्या हाती बिल पडते. फडात रुतलेल्या ट्रॉलीपायी जळणारे डिझेल आज गाडीमालकाचे असते, पण वाहतुकीचा दर ठरताना ते आपल्याच बिलावर येऊन बसते. शिवाय रोपे, खताच्या गोण्या, दूध, भाजीपाला नेण्यासाठी पिकअप घेणारे सभासदही आता पुष्कळ झाले आहेत. म्हणून या बाबीकडे लक्ष वेधणे आम्हाला आवश्यक वाटते.

हल्ली गावोगाव एकच सल्ला ऐकू येतो : "गाडी ओढत नाही ना? क्राउन-पिनियन बदला, रेशो वाढवा." काही ठिकाणी याच्या उलटही सांगतात : "रेशो कमी करा, ॲव्हरेज वाढेल." दोन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे, पण थोड्या तथ्यावर मोठा खर्च करणे शहाणपणाचे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी रेशो म्हणजे काय ते पाहू. मागच्या हौसिंगमध्ये लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवते. क्राउनचे दाते ४१ आणि पिनियनचे १० असतील, तर पिनियनचे ४.१ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक फेरा होतो. पिनियनचे दाते ८ असतील तर हेच प्रमाण ५.१ च्या थोडे वर जाते. सायकलच्या मागच्या चक्राला दाते जास्त असले की चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात. इथेही तसेच आहे.

आता हिशोब करू. टायरचा घेर २.१ मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४७६ फेरे होतात. गाडी सरळ, म्हणजे एकास एक गेअरमध्ये असेल, तर ४.१ रेशोला इंजिनाचे सुमारे १,९५० फेरे होतील आणि ५.१ ला सुमारे २,४४०. म्हणजे दर किलोमीटरला इंजिन ४९० फेरे जादा फिरले. त्या बदल्यात चाकावरचा जोर सव्वापट झाला. जोर फुकट मिळत नाही. तो वेग देऊन घ्यावा लागतो.

जादा फेरे म्हणजे पिस्टन, बेअरिंग, पंप यांची जादा घासाघीस. म्हणून रिकामी किंवा हलकी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने धावत असेल, तर कमी आकड्याचा रेशो डिझेल वाचवतो. मात्र फेरे सव्वापट झाले म्हणून डिझेलही सव्वापट लागते, असे कोणी समजू नये. वाऱ्याचा आणि टायरचा अडथळा दोन्हीकडे तेवढाच राहतो. त्यामुळे फरक पडतो तो बराच कमी.

भरलेल्या गाडीचे गणित वेगळे आहे. वीस फुटांत एक फूट चढ असला, तर दर टन वजनामागे ५० किलोचा जादा ओढा लागतो. ४.१ ची गाडी तिथे चौथ्यात दम टाकते आणि ड्रायव्हरला तिसरा टाकावा लागतो. तिसऱ्याचे प्रमाण दीड धरले तर एकूण प्रमाण सहाच्या वर गेले. ५.१ ची गाडी तोच चढ चौथ्यात चढली, तर तिचे इंजिन कमी फिरले. मग बचत कुणाची झाली? आणि ॲव्हरेजच्या लोभाने तिसरा न टाकता चौथ्यातच इंजिन घुसमटवले, तर सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले आपलेच डिझेल असते. रोज भरून घाटातून जाणाऱ्याने जास्त आकड्याचा आणि हलका माल घेऊन लांब पल्ल्याला जाणाऱ्याने कमी आकड्याचा रेशो पाहावा. पण हे पाहायचे ते गाडी घेताना. शोरूममध्ये रंग आणि सीट बघतो तसा ॲक्सलचा रेशोही विचारावा. तो माहितीपत्रकात छापलेला असतो.

आता चिखलाकडे वळू. इथे सर्वात मोठा गैरसमज आहे. बैल कितीही दणकट असो, पाय रोवायला जमीन घट्ट नसेल तर गाडी हलत नाही. चाकाचेही तसेच. मागच्या चाकांवर १,५०० किलो भार आहे असे समजा. कोरड्या डांबरीवर त्यातून साधारण हजार किलोचा ओढा मिळेल. ओल्या काळ्या रानात तो पावपट, म्हणजे पावणेचारशे किलोवर येतो. इंजिनाने चाकावर हजार किलोचा जोर पाठवला तरी जमीन पावणेचारशेच स्वीकारणार. बाकीच्या जोराने चाक जागेवर फिरते आणि खड्डा करते. रेशो वाढवला तर चाक आणखी सहज घसरते! जास्त रेशोचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे : गाडी अगदी हळू चालवता येते आणि क्लच प्लेट जळत नाही. पण पकड वाढते ती चाकावरचा भार, टायरची नक्षी, योग्य हवा आणि रानाचा वाफसा यांनी.

डिफरन्शियलचेही नीट समजून घ्यावे. ते जुवासारखे काम करते. एका बैलाने जू सोडले की दुसऱ्यालाही जोर लावता येत नाही. तसेच एक चाक चिखलात घसरले की दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. यासाठीच ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉकचे पेडल दिलेले असते. कित्येक ड्रायव्हर ते वर्षभर दाबतही नाहीत. चाक रुतण्याआधी, गाडी सरळ असताना ते वापरावे आणि वळणाच्या आधी सोडावे, नाहीतर ॲक्सलवर ताण येतो.

"अहो, पण अमक्याने क्राउन बदलला आणि त्याची गाडी ओढायला लागली," असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. त्याने आधी दहा टक्के मोठे टायर घातले असतील, तर त्याचा ४.१ चा रेशो प्रत्यक्षात ३.७ सारखा वागत होता. क्राउन बदलून त्याने मूळ स्थितीच परत आणली. मोठे टायर घातलेच नसते, तर दोन्ही खर्च वाचले असते. क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात; जुन्याला नवे लावले की हौसिंग कण्हू लागते. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत पुढचा आणि मागचा मेळ बिघडला, तर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडत राहतात. कंपनीची हमी जाते ती वेगळीच.

पण बंधूंनो, आमची खरी तळमळ डिझेलपुरती नाही. फडात चाक घसरते तेव्हा त्याखाली खोडव्याचे फुटवे येणारी खोडे उखडतात आणि ओली जमीन दगडासारखी दाबली जाते. पुढच्या हंगामात तिथे नांग्या दिसतात, तेव्हा आपण खताला आणि बेण्याला दोष देतो. यावरचा उपाय गॅरेजमध्ये नाही. तोडणीपूर्वी पंधरा ते वीस दिवस पाणी तोडा. रान वाफशावर येते, उतारा सुधारतो, गाडी फडातून सुखाने निघते.

यावर सभासद विचारतील, "तोड कधी येणार हे आम्हाला कळते कुठे? पाणी तोडले आणि टोळी महिनाभर आली नाही, तर वजन कोण भरून देणार?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आम्ही संचालक मंडळापुढे तीन गोष्टी मांडत आहोत. पहिली, गट ऑफिसने तोडीचा कार्यक्रम किमान तीन आठवडे आधी फलकावर लावावा आणि तो पाळावा. दुसरी, गाड्यांचे करार करताना ड्रायव्हरांना एक दिवस कारखान्याच्या आवारात बोलावून गेअर, हवेचा दाब आणि डिफरन्शियल लॉक यांचे प्रात्यक्षिक, डिझेल मोजून, दाखवावे. तिसरी, मुरूम टाकण्याच्या कामात पाणंदींना पहिला मान द्यावा. एका गाडीचा क्राउन बदलला तर एकाच गाडीचा फायदा होतो. पाणंद सुधारली तर तिथून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा.

सभासदांनी मिस्त्रीकडे जाण्याआधी टायरची हवा, गाडीवरचा भार आणि रानाची ओल या तीन गोष्टी पाहाव्यात. आणि कार्यक्रम वेळेवर लागावा म्हणून वार्षिक सभेत उठून विचारावे. तो आपला हक्क आहे.