‘माहीत नाहीं’ हें उत्तर

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “आकाशांतून येणारे ते जलद रेडिओ स्फोट कशामुळें होतात?” तास संपत आला होता. “तारे एकमेकांवर आदळतात,” असें सांगून आम्ही मोकळे झालों, आणि मुलांनीं तें उत्तर वहींत उतरून घेतलें. घरीं पुस्तकें चाळल्यावर आमची चूक आमच्या ध्यानीं आली. दुसरे दिवशीं आम्हीं वर्गास तें उत्तर खोडावयास लावलें व सांगितलें कीं, याचें पुरतें उत्तर अद्याप कोणासच माहीत नाहीं. यावर एका पालकांनीं खेदानें विचारलें, “गुरुजी, शिक्षकांसच माहीत नसेल तर मुलांनीं शिकावें काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर येथें देणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों.

प्रथम हे स्फोट म्हणजे काय तें पाहूं. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीनें २००१ सालीं टिपलेली एक रेडिओ लहर डंकन लॉरिमर व त्यांचे सहकारी यांस २००७ सालीं जुन्या नोंदी तपासतांना सांपडली. ती पांच मिलिसेकंदांहूनही कमी काळ टिकली होती. ती दुरून आली हें कशावरून? खंबाटकीच्या घाटांत चिखल असला म्हणजे मोटार पुढें निघते व बैलगाडी मागें पडते. वाट जितकी लांब व चिखल जितका अधिक, तितकें दोहोंतील अंतर वाढतें. तद्वत् अवकाशांतील विरळ इलेक्ट्रॉनांमधून येतांना अधिक कंपनसंख्येच्या लहरी आधीं पोहोंचतात व कमी कंपनसंख्येच्या मागाहून. या विलंबावरून वाटेंतील द्रव्याचा, व त्यावरून अंतराचा अंदाज बांधतां येतो.

आतां आमचें उत्तर कां चुकलें? आदळून नष्ट झालेले तारे पुन्हां आदळूं शकत नाहींत. आणि एकाच ठिकाणाहून वारंवार स्फोट येतात असें २०१६ सालीं सिद्ध झालें. पुढें २८ एप्रिल २०२० रोजीं आपल्याच आकाशगंगेंतील एका मॅग्नेटारापासून, म्हणजे अतिप्रबळ चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यापासून, असाच स्फोट आलेला आढळला. कोडें सुटलें असें अनेकांस वाटलें. मॅग्नेटार बहुधा अल्पायुषी प्रचंड ताऱ्यांच्या अंतानें जन्मतात. म्हणून ते जेथें नवे तारे घडतात तेथें असावेत. परंतु २०२२ सालीं एक स्फोटस्थान एम ८१ या दीर्घिकेच्या एका गोलाकार तारकागुच्छांत, म्हणजे केवळ वृद्ध ताऱ्यांच्या वस्तींत, असल्याचें जाहीर झालें. तेव्हां मॅग्नेटार हें एक कारण खरें. पण तेंच एकमेव कारण, कीं एकाच जातीचे तारे निरनिराळ्या रीतींनीं जन्मतात, हें ठरावयाचें आहे.

हें शोधकार्य आपल्यापासून दूर नाहीं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या महादुर्बिणीच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या आहेत. ५ एप्रिल २०२१ रोजीं तिनें एकाच स्फोटस्थानाचे ४८ स्फोट टिपले. ज्या शिवारांत ऊस व कांदा पिकतो, त्याच शिवारांत हे प्रश्न विचारले जात आहेत.

आळशी मुलाचें ‘माहीत नाहीं’ आम्हांस मान्य नाहीं. जें पुस्तकांत आहे तें वाचल्यावांचून असें म्हणणें ही चुकवाचुकवी होय. परंतु जें जाणलें तें स्पष्ट सांगून, जेथें ज्ञान थांबतें तेथें आपणही थांबणें, हा प्रामाणिकपणा होय. पार्क्स येथें अशाच भासणाऱ्या कांहीं लहरींनीं संशोधकांस वर्षानुवर्षें चकविलें. अखेर २०१५ सालीं त्यांनींच शोधून काढलें कीं, वेधशाळेंतील अन्न गरम करण्याच्या मायक्रोवेव्हचें दार तो चालू असतांनाच उघडलें कीं ती लहर निघते! हें त्यांनीं लपविलें नाहीं, जगापुढें मांडलें. म्हणूनच खऱ्या स्फोटांविषयीं ते जें सांगतात, त्यावर विश्वास बसतो.

आमच्या परीक्षांत मात्र रिकाम्या जागेस शून्य व आत्मविश्वासानें लिहिलेल्या चुकीस कधीं कधीं अर्धा गुण मिळतो. यांतून मूल काय शिकतें याचा विचार शिक्षक व पालक यांनीं मिळून करावा. आमची सूचना एवढीच: प्रत्येक विद्यार्थ्यानें वहीचें शेवटचें पान न सुटलेल्या प्रश्नांसाठीं राखावें, व मुलानें घरीं तें पान दाखविल्यास पालकांनीं रागावूं नये. २८ फेब्रुवारीस, विज्ञानदिनीं, खोडद येथें प्रदर्शन भरतें. शक्य असेल त्यांनीं मुलांस तेथें न्यावें.

त्या नववीच्या मुलाच्या वहींत आमचें खोडलेलें उत्तर अजून आहे. त्याखालीं त्यानें आपला प्रश्न पुन्हां नीट लिहून ठेविला आहे. आम्हांस त्याची लाज वाटत नाहीं.