ग्रॅममागे किती, चौरस सेंटिमीटरमागे किती?

ऊर्जा साठवणाऱ्या पदार्थांवर आपल्या भागातून जे शोधनिबंध बाहेर पडतात, त्यांच्या सारांशात एक आकडा हमखास असतो: ग्रॅममागे अमुक इतके फॅरड. कधी आठशे, कधी हजार, कधी त्याच्याही पुढे. बाजारात विकल्या जाणाऱ्या सुपरकॅपॅसिटरमधल्या सक्रिय कार्बनची धारिता मात्र ग्रॅममागे साधारण शंभर ते दीडशे फॅरड. दहापट सरस पदार्थ इतकी वर्षे हाताशी असताना उत्पादक अजून कार्बनच का वापरतात? याचे उत्तर उद्योजकांच्या अनास्थेत शोधण्याची आपल्याला सवय आहे. खरे उत्तर आपण कशाने भागतो, यात आहे.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतून निघणाऱ्या या मासिकाने हा विषय काढावा याला कारण आहे. 1962 साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाने थिन फिल्मच्या संशोधनात नाव मिळवले ते महागड्या यंत्रांच्या जोरावर नव्हे. प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केमिकल बाथ डिपॉझिशनसारख्या पद्धती रुजवल्या. फ्रान्समध्ये निकोलाउ यांनी 1985 साली मांडलेली सिलार पद्धतही इथे घरची झाली. बीकर, धातूंचे क्षार, पाण्याचे तापमान आणि सामू यांवरचा ताबा, एवढ्यावर काचेवर किंवा स्टेनलेस स्टीलवर चांगली फिल्म धरता येते. निर्वात पंप लागत नाही. या कामाच्या बळावर इथले कितीतरी विद्यार्थी दक्षिण कोरियातल्या प्रयोगशाळांपर्यंत पोचले. पद्धतीत खोट नाही. प्रश्न फिल्म तयार झाल्यानंतर सुरू होतो.

हिशेब सोपा आहे. चौरस सेंटिमीटरवर 0.1 मिलिग्रॅम पदार्थ बसला आणि त्याची धारिता ग्रॅममागे 1000 फॅरड भरली, तर प्रत्यक्षात त्या चौरस सेंटिमीटरवर 0.1 फॅरड साठतात. व्यापारी इलेक्ट्रोडवर तेवढ्याच जागेत सुमारे 10 मिलिग्रॅम कार्बन असतो. ग्रॅममागे 100 फॅरड धरले तरी 1 फॅरड होतो. म्हणजे ‘दहापट सरस’ पदार्थ त्याच जागेत दहापट कमी साठवतो. शिवाय 0.1 मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पत्र्याचे वजन चौरस सेंटिमीटरला 79 मिलिग्रॅमच्या आसपास, सक्रिय पदार्थाच्या जवळजवळ आठशे पट. ते वजन छेदात कधी येत नाही. गोगोत्सी आणि सिमों यांनी 2011 साली ‘सायन्स’मध्ये हीच गोष्ट स्पष्ट शब्दांत मांडली होती. त्यात वजनाची अनिश्चितता मिळवा: 0.1 मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर 0.2 मिलिग्रॅमची फिल्म तोलली, तर एका अंकाच्या फरकाने धारिता दुप्पट किंवा दोन-तृतीयांश होते. तरीही आपण 1127.4 असा दशांश चिन्हाच्या पुढचाही आकडा छापतो.

शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 30 मिलिमीटर व्यासाच्या टेस्ट बारमध्ये मिळालेली ताकद जाड कास्टिंगमध्ये तशीच मिळेल, असे ग्रे आयर्न ओतणारा कोणीही धरत नाही. जाड भाग सावकाश थंड होतो आणि ताकद उतरते. फिल्मचेही तसेच. पातळ थरात प्रत्येक कण इलेक्ट्रोलाइटला भिडलेला असतो. थर जाड झाला की आयनांना आत पोचायला वेळ लागतो, ऑक्साइडचा रोध आड येतो आणि ग्रॅममागचा आकडा घसरतो. ती घसरण किती, हीच खरी माहिती, आणि तीच बहुतेक निबंधांत नसते.

दुसरी गल्लत याहून अवघड. निकेल हायड्रॉक्साइड, कोबाल्ट ऑक्साइड यांचा भार अरुंद विभवपट्ट्यात बाहेर पडतो. ती बॅटरीची वागणूक आहे. त्या भाराला छोट्या व्होल्टेजने भागले की फॅरड फुगतात. ब्रुस, बेलांजे आणि लाँग यांनी 2015 साली हा भेद मांडला. अशा पदार्थांची क्षमता कूलोममध्ये किंवा मिलिअँपिअर-तासांत द्यावी. निकेल फोम वापरणाऱ्यांनी तर कोऱ्या फोमचे मापन आधी द्यायला हवे, कारण अल्कलीत त्याच्या पृष्ठभागावर तयार होणारे हायड्रॉक्साइड स्वतःच भार साठवते.

यावर पहिला आक्षेप येतो तो मूलभूत विज्ञानाचा. आम्ही यंत्रणा समजून घेतोय, माल बनवत नाही. मान्य. पण मग निबंधाच्या शेवटी ‘विद्युत वाहनांसाठी उपयुक्त’ हे वाक्य कशाला? दुसरा आक्षेप साधनांचा: महाविद्यालयांत सूक्ष्म काटा कुठून आणायचा? तो नसला तरी मोठ्या पत्र्यावर फिल्म धरून वजन घेता येते, चार वेगवेगळ्या जाडींच्या फिल्म करता येतात. खर्च थोडा, वेळ जास्त. तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. परीक्षक मोठा आकडा मागतात आणि विद्यार्थ्याची पीएचडी त्यावर अडते. या दडपणात विद्यार्थ्याने एकट्याने प्रामाणिक राहावे, ही अपेक्षा अन्यायाची. बदल मार्गदर्शकांनी, परीक्षकांनी आणि संपादकांनी करायचा आहे.

पेरोव्हस्काइट सौर सेलच्या क्षेत्राने हा रस्ता काहीसा आधी तुडवला. 2009 साली मियासाका यांच्या गटाच्या सेलची कार्यक्षमता 3.8 टक्के होती. आज छोट्या सेलमध्ये ती 26 टक्क्यांच्या वर आहे. पण ऑक्सफर्ड पीव्हीने 2024 मध्ये ग्राहकाकडे पाठवलेल्या सिलिकॉन-पेरोव्हस्काइट पॅनेलची कार्यक्षमता 24.5 टक्के होती, टँडेम सेलच्या विक्रमांपेक्षा बरीच खाली. सेल ते पॅनेल हे अंतर तिथे उघडपणे मोजले जाते आणि टिकाऊपणा तपासण्याचे सामाईक नियमही 2020 मध्ये ठरले. आपल्या राज्यातही केपीआयटीने पुण्याच्या आयसरबरोबर विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केले, तेव्हा बोलणे पूर्ण सेलचे होते, सुट्या इलेक्ट्रोडचे नव्हे.

म्हणून पुढील अंकापासून सुपरकॅपॅसिटरवरच्या लेखात चौरस सेंटिमीटरमागचा भार आणि धारिता, किमान तीन जाडींची मापने, रिकाम्या पत्र्याचे किंवा फोमचे मापन आणि दुसऱ्या खेपेच्या फिल्मचा निकाल मागितला जाईल. आकडा लहान आला म्हणून लेख परत पाठवला जाणार नाही. मार्गदर्शकांनी हे चालू प्रबंधांपासूनच सुरू करावे.