वारीला माउलींबरोबर जायचं की तुकोबांबरोबर? आणि वारी नेमकी संपते कधी?

ज्येष्ठ लागला की फोनवर हा प्रश्न फिरायला लागतो. पहिल्यांदा जाणारे अंतर विचारतात, पण त्यावरून काही ठरत नाही. आळंदी काय, देहू काय, दोन्ही वाटा साधारण अडीचशे किलोमीटरच्या. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामी असतात.

फरक पडतो हडपसरनंतर. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला जाते. तीसेक किलोमीटरची चाल आणि घाट, एकाच दिवसात. सराव नसेल तर पायांना फोड येतात ते इथेच. पुढे जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामती, इंदापूर, अकलूजला जाते. तिला रोटी घाट लागतो, पण सुरुवातीची वाट बरीच सपाट आहे. त्यामुळे नवख्याला देहूची वाट थोडी सोपी, असं आमचं मत. (माउलीवाले रागावतील, माहितीये.)

खरं तर वाटेआधी दिंडी ठरवा. जेवण, तंबू, सामानाचा ट्रक सगळं तिच्यावर असतं. भिशी किती आणि बायकांसाठी शौचालयाची सोय काय, हे आधीच विचारा. पालखी मार्ग आता बराचसा चौपदरी झालाय, चालायला ऐसपैस, पण रुंदीकरणात जुनी झाडं गेली. टोपी, उपरणं हवंच.

दोन्ही पालख्या वाखरीला पोचतात आणि दशमीला पंढरपुरात शिरतात. एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, नंबर यायला तासन् तास लागतात. दर्शन झालं नाही म्हणून हिरमुसून परतणारे दरवर्षी दिसतात. पण कित्येक जुने वारकरी त्या रांगेत लागतच नाहीत. चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा, नामदेव पायरीला आणि कळसाला नमस्कार. त्यांची वारी पोचली.

पोचली, संपली नाही. रील्स एकादशीला थांबतात, पालख्या मात्र पौर्णिमेपर्यंत पंढरपुरातच असतात. त्या दिवशी गोपाळपूरला काला होतो, मग पालख्या परत निघतात. परतीची वाटही पायीच. माणसं मोजकी, चाल भरभर, वाटेत ना स्वागताच्या कमानी ना कॅमेरे.

तेवढी रजा प्रत्येकाला मिळत नाही, हे खरं. म्हणून नाव नोंदवतानाच दिंडीप्रमुखांना विचारून ठेवा, आपला ट्रक काल्यापर्यंत थांबणार की एकादशीच्या रात्रीच परत फिरणार?